९ एकर, ४० जनावरं: जुना स्किड स्टीअर (बॉबकॅट) की लोडर बसवलेला ट्रॅक्टर?

नीराकाठ

मंडळी, सल्ला हवाय. भोर तालुक्यात ९ एकर आहे. ३ एकर आंबा-चिकू, ४ एकर मका आणि नेपिअर (चाऱ्याचं गवत). उरलेल्या जागेत मुक्त संचार गोठा, मुरघासाचे दोन बंकर, घर आणि ४०० मीटर मुरमाचा रस्ता. लहान-मोठी मिळून ४० जनावरं. आजवर सगळी यंत्रं भाड्याने येतात आणि ऐन गरजेच्या वेळी कुणाचंच मोकळं नसतं.

समोर दोन पर्याय आहेत, पैसे जवळपास सारखेच लागतात.
१) जुना स्किड स्टीअर (जागच्या जागी वळणारा छोटा चारचाकी लोडर), ५० एचपी, मीटरवर ३,४०० तास, सोबत साधी बकेट आणि फोर्क.
२) ५० एचपीच्या आतला नवा ट्रॅक्टर आणि त्याला फ्रंट लोडर (पुढे बसवायचे बकेट उचलणारे हात).

कामं अशी: रोजचं शेण, बंकरमधून मुरघास काढून गव्हाणीत टाकणं, वर्षातून दोनदा रस्त्याला मुरूम, खत बागेत नेणं, फवारणी, खड्डे, चाऱ्याची मशागत. खोदाईला जेसीबी बोलवायची तयारी आहे. गोठ्याचं दार ३ मीटर रुंद, कडेला पत्रा २.४ मीटरवर.

---

हिशेबनीस

आधी यंत्र बाजूला ठेवा आणि कामाचे तास कागदावर मांडा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून ढोबळ आकडे असे निघतात.

४० जनावरं लहान-मोठी धरली तर रोजचं ओलं शेण ७००-८०० किलो. ०.४ घनमीटरच्या बकेटात साडेतीनशे किलोच्या आसपास बसतं. म्हणजे उचलायचं काम दोन-तीन बकेटचंच, वेळ जातो तो खरवडून एका जागी आणण्यात. अर्धा तास धरा. मुरघास जनावरागणिक २० किलो धरला तरी ८०० किलो, पुन्हा अर्धा तास. वर्षाला बकेटचे साडेतीनशे-पावणेचारशे तास झाले.

आता दुसरी बाजू. फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर, पेरणी, कुट्टी मशीन, ट्रॉली, पाण्याचा टँकर. हे सगळं पीटीओवर (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) किंवा हुकवर चालतं, आणि स्किड स्टीअरला पीटीओ नसतो. त्याला हायड्रॉलिकवर चालणारी अवजारं मिळतात, पण आपल्याकडे ती महाग आणि मागवून घ्यावी लागतात. म्हणजे स्किड स्टीअर घेतलात तरी ट्रॅक्टर भाड्याने आणणं सुटत नाही. उलट ट्रॅक्टर घेतला तर फक्त जेसीबी भाड्याने लागतो, तोही वर्षातून एक-दोन दिवस.

एकच यंत्र घ्यायचं असेल तर माझं मत ट्रॅक्टरला.

---

मुरघास

हिशेब बरोबर, पण गोठ्याचा नकाशा पाहिल्याशिवाय मत देणं घाईचं आहे. ४० जनावरांना यंत्र कुठलं, हे गल्ली ठरवते.

लोडर लावलेला ५० एचपी ट्रॅक्टर बकेटच्या टोकापासून मागच्या लिंकपर्यंत (अवजार टांगायचे दांडे) ५ मीटरच्या आसपास लांब होतो. मागे वजन टांगलं की आणखी. त्याला वळून तोंड फिरवायला ८ मीटर मोकळी जागा हवी. स्किड स्टीअर जागच्या जागी फिरतो. मधल्या आकाराचं मशीन बकेटसकट ४ मीटरच्या चौकात पूर्ण गोल फिरतं.

म्हणून प्रश्न असा: तुमची गव्हाणीची गल्ली आरपार आहे की एका बाजूने बंद? आरपार असेल तर ट्रॅक्टर सरळ आत शिरून सरळ बाहेर पडतो, काही अडत नाही. बंद असेल तर रोज दोन वेळा पूर्ण गल्ली रिव्हर्समध्ये यावं लागेल, मागे वजन टांगलेलं, दोन्ही बाजूंना जनावरांची तोंडं. पहिल्या महिन्यातच खांब वाकतो.

मुरघास भरताना मात्र स्किड स्टीअरचा उपयोग फक्त ढकलायला. दाबायला ट्रॅक्टरच लागतो. स्किड स्टीअर वळताना चाकं फरफटतात आणि नुकताच दाबलेला थर उचकटतो, म्हणजे हवा पुन्हा आत. ट्रॅक्टरने १५ सेंटिमीटरच्या आतले थर पसरत सावकाश पुढे-मागे फिरायचं, बंकरवर वळायचं नाही.

---

पाचएकर_टेक्सास

थोडं अवांतर. हे यंत्र जन्माला आलं तेच कोंबडवाड्यातलं खत काढायला. १९५७ साली मिनेसोटात केलर बंधूंनी एका टर्कीपालकासाठी तीन चाकी लोडर बनवला, कारण खांबांच्या मधून ट्रॅक्टर वळत नव्हता. पुढे मेलरो कंपनीने १९६० मध्ये चार चाकांचं मॉडेल आणलं आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव आलं. आता आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी बॉबकॅटच.

इकडे अमेरिकेत छोट्या जमिनीवाले सहसा २५ एचपीच्या आतला फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर लोडरसकट घेतात आणि मोठं काम निघालं की स्किड स्टीअर शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणतात. २५ एचपीच का, तर त्यावर गेलं की बहुतेक इंजिनांना धुराचा फिल्टर येतो आणि त्याची डोकेदुखी.

---

स्पॅनर_१९

तशीच रेघ आपल्याकडे ५० एचपीवर आहे. ५० च्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले, म्हणजे कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणा) आणि सेन्सर. त्याखालचे अजून साध्या पंपावर आहेत, गावातला पंपवाला उघडू शकतो. ४५ ते ४९ एचपीत घ्या.

आता लोडरचं. इथे बहुतेक जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं एक्सल हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेलं, तोच सांगाडा. लोडरचं ब्रॅकेट फक्त पुढच्या बोल्स्टरला (पुढचं एक्सल धरणारा भाग) आणि क्लच हाउसिंगला धरलं असेल तर प्रत्येक धक्का त्या बीडाच्या हाउसिंगवर येतो आणि बोल्टच्या भोकापासून तडा सुरू होतो. लोडरची सबफ्रेम (खालची आधार-पट्टी) मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत गेलेली हवी. दुकानात आडवं झोपून खालून बघा. पट्टी मध्येच संपत असेल तर तो लोडर घेऊ नका, रंग कितीही चकचकीत असो.

दुसरं, टू व्हील ड्राइव्हला लोडर लावू नका. गणित बघा. बकेटात ५०० किलो आहेत आणि भार पुढच्या एक्सलच्या १.५ मीटर पुढे आहे. व्हीलबेस २ मीटर. मागच्या चाकांवरून ५०० × १.५ ÷ २ = ३७५ किलो उचलले जातात. पुढच्या एक्सलवर ५०० + ३७५ = ८७५ किलो जास्तीचे बसतात. लोडरचं स्वतःचं वजन वेगळं. टू व्हीलच्या पुढच्या एक्सलला हे झेपत नाही. आधी हब बेअरिंग आवाज करतात, मग किंगपिनचे बुश जातात, आणि एक दिवस स्टब एक्सल मोडून चाक आडवं पडतं.

ब्रेकचंही तेच. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्या चाकांनाच असतो. मागचं वजन गेलं की उतारावर पेडल दाबूनही मागची चाकं नुसती घसरतात. फोर व्हील लावलेलं असेल तर पुढची चाकंही ओढ धरतात.

---

नीराकाठ

डीलर म्हणतो की टू व्हीलला 'हेवी ड्यूटी एक्सल' देतो, चालेल. आणि मागे वजन म्हणजे टायरात पाणी भरलं की झालं ना?

---

स्पॅनर_१९

हेवी एक्सलने तुटणं पुढे ढकललं जातं. पकड आणि ब्रेकचा प्रश्न तसाच राहतो, आणि ओल्या शेणावर बकेट भरताना मागची चाकं जागेवर फिरत बसतात.

टायरातलं पाणी वाईट नाही. १३.६-२८ च्या टायरात ७५ टक्क्यांपर्यंत भरलं तर दोनशे लिटरच्या आसपास बसतं, व्हॉल्व्ह वरच्या टोकाला ठेवून भरायचं. पण ते वजन मागच्या एक्सलवरच बसतं, पुढच्या एक्सलचा एक किलोही भार कमी करत नाही. पुढचा भार हलका करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे, थ्री पॉइंट लिंकवर टांगायला हवं. ४०० किलो १ मीटर मागे टांगले तर मागच्या चाकांवर ६०० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून २०० उतरतात.

हे घरी होतं. २०० लिटरचा लोखंडी ड्रम काँक्रीटने भरला की ४८० किलो होतो. ओतण्याआधी खालच्या बाजूने आडवा जाड पाइप आरपार घाला, त्यातून खालच्या लिंकची पिन जाईल. लिंकच्या मापानुसार कॅटेगरी १ ला पिन २२ मिलिमीटर, कॅटेगरी २ ला २८. वरच्या लिंकसाठी पट्टीचे दोन कान आतल्या सळईला वेल्ड करून मगच काँक्रीट टाका. नुसते पत्र्याला वेल्ड केलेले कान उपटून येतात.

क्लचचं राहिलंच. ढिगातून ट्रॉली भरताना एका बकेटला चार वेळा दिशा बदलते. तासाला ४० बकेट म्हणजे क्लचवर १६० वेळा पाय. सिंक्रो शटल, म्हणजे स्टिअरिंगजवळ पुढे-मागेची दांडी असलेलंच मॉडेल घ्या. क्लच दाबावा लागतोच, पण गिअर शोधत बसावं लागत नाही आणि अर्धा दाबून चालवायची सवय लागत नाही.

---

कातळसडा

आमच्याकडे रत्नागिरीत दोन्ही चालतात, तेव्हा उताराचं लिहितो.

स्किड स्टीअरचं वजन रिकामा असताना मागे असतं, साधारण ७० टक्के. बकेट भरली की तेच वजन पुढे सरकतं. नियम एकच: जड बाजू चढाकडे. रिकामा असेल तर रिव्हर्समध्ये चढायचं, भरलेला असेल तर सरळ चढायचं, आणि उतरताना भरलेली बकेट चढाकडेच ठेवून मागे-मागे यायचं. बकेट जमिनीपासून वीतभर. उतारावर आडवं वळायचं नाही. भरलेल्या लोडरवाल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू.

पावसाळ्यात स्किड स्टीअर मातीत नेऊ नये. चाकं सरळच असतात, वळायचं म्हणजे एका बाजूची चाकं जास्त फिरवून दुसरीकडे घसरायचं. मऊ जमिनीत प्रत्येक वळणाला खड्डा पडतो, आणि काळ्या मातीत तर पोटावरच बसतो. पेव्हर ब्लॉक असतील अंगणात तर तेही उखडतात.

खड्ड्यांबाबत मात्र स्किड स्टीअर वरचढ. त्याचा ऑगर (खड्डे पाडायचा गिरमिट) हायड्रॉलिक असल्याने अडकला की उलटा फिरवून काढता येतो. ट्रॅक्टरचा पीटीओवरचा डिगर उलटा फिरत नाही. मुळीत किंवा दगडात गुंतला की स्क्रूसारखा आत जाऊन बसतो, लिंक वर उचलत नाही, मग पान्याने हाताने उलटा फिरवत बसा. शिअर बोल्ट (ताण आला की मुद्दाम तुटणारा) कंपनीच्या ग्रेडचाच टाका. तो तुटतोय म्हणून कडक बोल्ट टाकला की गिअरबॉक्स जातो. आणि जांभ्यात दोघांचंही काही चालत नाही, तिथे ब्रेकर लावलेला जेसीबी किंवा पोकलेनच.

मुरमाच्या रस्त्याला स्किड स्टीअरपेक्षा ट्रॅक्टरमागचं पातं सरस. स्किड स्टीअरची चाकं जवळजवळ असतात, पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की बकेटही वर जाते, आणि रस्त्यावर लाटा उठतात.

---

गव्हाण_२

स्किड स्टीअरला इतकं झोडपू नका. माझ्या मते ४० जनावरांच्या गोठ्यात रोजच्या कामाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. माणूस मागे-पुढे वळून बघत बसत नाही, बकेट डोळ्यासमोर असते, क्लच नाही. नवशिक्याला आठवड्यात हात बसतो. ट्रॅक्टर फवारणीला बागेत गेला की गोठा अडून राहतो, हाही विचार करा. आणि ट्रॅक्टरला रोज लोडर काढा-घाला कोण करतं? एकदा बसवला की तो तसाच राहतो आणि बागेत फांद्या मोडत फिरतो.

---

हिशेबनीस

शेवटचा मुद्दा मान्य. म्हणूनच लोडर पिन काढून, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा आणि क्विक कपलर (झटपट सुटणारी जोडणी) असलेलाच घ्यावा. दहा मिनिटांत निघतो. बोल्टने कायम आवळलेला लोडर स्वस्त असतो आणि तसाच गंजतो.

---

मुरघास

गव्हाण_२ यांचं रोजच्या कामाचं म्हणणं पटतं, पण इथे प्रश्न *जुन्या* स्किड स्टीअरचा आहे. ३,४०० तासांचं मशीन कुठून आलंय? डांबरीकरणाच्या ठेकेदाराकडून झाडू लावून चाललेलं असेल तर ठीक. भट्टीच्या कारखान्यात किंवा खडी क्रशरवर चाललेलं असेल तर हात लावू नका.

---

स्पॅनर_१९

बघायला जाल तेव्हा मशीन गरम करून बघा. थंड तेलावर सगळेच पंप चांगले वाटतात. अर्धा तास चालवा, मग बकेट मातीच्या पक्क्या ढिगात घालून पूर्ण थ्रॉटलवर ढकला. दोन्ही बाजूंची चाकं सारखी फिरली पाहिजेत. एक बाजू थांबते किंवा मशीन सतत एकीकडे ओढतं, म्हणजे त्या बाजूची ड्राइव्ह मोटर किंवा पंप दमलाय. त्या दुरुस्तीत सौद्यातला सगळा फायदा जातो.

मग चेन केस. दोन्ही बाजूंची पुढची-मागची चाकं आत साखळीने जोडलेली असतात. मशीन जॅकवर घेऊन चाक हाताने हलवा, फार मोकळं फिरत असेल तर साखळी ताणून ढिली झालीय. तेलाचा प्लग उघडा. दुधासारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय, चमचमणारं म्हणजे धातू झिजतोय. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. एक नवा आणि एक जुना घातला की व्यासातल्या फरकाचा ताण साखळीवरच येतो.

लोडरच्या हातांच्या पिना: बकेट जमिनीवर टेकवून पहारीने हलवा, खटखट किती ते कळतं. मीटरवर विश्वास नको. पेडलचं रबर, सीट, दांड्यांचा रंग बघा. ३,४०० तासांचं पेडल आरशासारखं घासलेलं नसतं.

आणि अवजार अडकवणाऱ्या क्विक कपलरच्या दोन्ही खिट्या खाली दाबल्यावर अवजाराच्या भोकातून *बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत*. शेण वाळून आत बसलं की दांडी बंद झाल्यासारखी वाटते, खिटी मात्र अर्धीच उतरलेली असते. मग बकेट भरून वर नेली की ती सुटून खाली येते. हे रोज उतरून डोळ्यांनी बघायचं.

---

गव्हाण_२

गोठ्यापुरतं यात भर. सुतळी आणि प्लास्टिक एक्सलभोवती गुंडाळलं जातं आणि आतलं सील कापतं. आठवड्याला ब्लेडने कापून काढा. रेडिएटर मागे असतो, मुरघासाचा भुसा त्यात बसून मशीन तापतं. हवा आतून बाहेर मारा, बाहेरून मारली तर कचरा आणखी आत रुततो. इंजिनाखालचा पत्रा महिन्यातून एकदा खोलून साफ करा. तिथे सुका चारा, डिझेल आणि गरम सायलेन्सर एकत्र आले की पेट घेतो.

लोडरचे हात वर असताना खाली कुणीही जायचं नाही. दुरुस्ती असेल तर कंपनीचा हाताचा टेकू लावल्याशिवाय नाही. सीटची दांडी वर घेतली की हायड्रॉलिक बंद व्हायला हवं. जुन्या मशीनला तो स्विच वायर जोडून बायपास केलेला सर्रास सापडतो. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मग भावाचं बोला.

---

हिशेबनीस

कागदाचं थोडक्यात. ट्रॅक्टरला राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदानाचा अर्ज करता येतो, पण निवड होऊन पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी बिल फाडलं की अनुदान विसरा. स्किड स्टीअर बांधकाम-यंत्रांत मोडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के आहे, नव्या स्किड स्टीअरला १८. शिवाय तो रस्त्याने १०-१२ किलोमीटर वेगाने धडधडत जातो, शेजारच्या गावात न्यायचा तर ट्रकच लागतो.

---

नीराकाठ

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. आज गल्ली मोजली. रुंदी ३.६ मीटर, लांबी ३० मीटर, आणि *एका बाजूने बंद*. पलीकडे नुसती विटांची भिंत आहे, त्यामागे मोकळं आवार, १२ मीटर रुंद. म्हणजे मुरघासरावांच्या हिशेबाने स्किड स्टीअर?

---

मुरघास

मागे १२ मीटर मोकळं आहे तर यंत्र कशाला बदलता, भिंत फोडा! यंत्रांतल्या फरकापुढे त्याचा खर्च काहीच नाही. ट्रॅक्टर इकडून आत, गव्हाणीत टाकत तिकडून बाहेर, आवारात वळून बाहेरच्या बाजूने परत बंकरकडे.

---

स्पॅनर_१९

सहमत. फोडताना उघडीप ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच ठेवा. उभा सायलेन्सर असेल तर तो सव्वादोन मीटरच्या आसपास जातो, म्हणून २.४ मीटरच्या पत्र्याखाली तो आडवा करून घ्या आणि रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) दुमडणारा मागा. भिंतीवर छताचा भार आहे का ते आधी गवंड्याला दाखवा. असेल तर दोन्ही बाजूंना खांब आणि वर लोखंडी चॅनेल टाकूनच फोडायचं.

दारापुढचा उतार बाहेरच्या बाजूला, मीटरला २ सेंटिमीटर, म्हणजे पावसाचं पाणी गव्हाणीत येणार नाही. उंबरा ठेवू नका. भरलेली बकेट उंबऱ्यावर आपटली की धक्का थेट लोडरच्या ब्रॅकेटला जातो. काँक्रीट खरबरीत ठेवा, गुळगुळीत घोटून घेतलं तर ओल्या शेणावर ट्रॅक्टरही घसरतो आणि गाईही.

---

कातळसडा

आणि दार सरकतं करा, रुळावरचं. बिजागरीवर उघडणारं केलंत तर वाऱ्याने आपटून आधी ट्रॅक्टरचं हेडलाइट जाईल.